विज्ञान समजावून सांगण्याचं काम करायचंय? सुरुवात अशी करा

विज्ञान संवादाच्या कामात नव्याने येणाऱ्यांकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. वाचन असतं, उत्साह असतो, विषयावर जीव असतो. एक सवय मात्र बहुतेकांना मुद्दाम लावून घ्यावी लागते. समोरच्याच्या मनात त्या विषयाचं कोणतं चित्र आधीपासून आहे, ते बोलायला लागण्याआधी विचारून घ्यायचं. लेख लिहा, व्याख्यान द्या, व्हिडिओ करा, वर्ग घ्या. ही सवय नसेल तर तुमचं बोलणं लोक ऐकतात, त्यांना ते आवडतंही, आणि आठवडाभरात त्यांची जुनी समजूत होती तशी परत येते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या ना त्या वाटेने याच सवयीकडे येतात.

आधी कोणतं काम ते ठरवा

बाहेरून एकच वाटणारं हे क्षेत्र आतून बरंच वेगवेगळं आहे. विज्ञान पत्रकार वाचकाला बांधील असतो. संशोधकाला अडचणीत आणणारा प्रश्न विचारणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. संशोधन संस्थेच्या जनसंपर्क विभागात लिहिणारा माणूस संस्थेचं काम लोकांपर्यंत नेतो, तिथे असा प्रश्न विचारायला फारसा वाव नसतो. विज्ञान केंद्रातला मार्गदर्शक दिवसभर अनोळखी माणसांशी पाच-पाच मिनिटं बोलतो. विज्ञान शिक्षक तीच मुलं वर्षभर बघतो, त्यामुळे समजूत हळूहळू कशी बदलते हे त्याला दिसतं. प्रदर्शनांची आखणी, पाठ्यसामग्री लिहिणं, माहितीपटांसाठी संशोधन करणं ही आणखी कामं. व्हिडिओ आणि पॉडकास्ट करणाऱ्याला यातलं थोडं थोडं सगळंच करावं लागतं, शिवाय संकलनही.

नवख्या माणसाने सुरुवात अशा ठिकाणी करावी जिथे ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो, असं माझं ठाम मत आहे. फ्रँक ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' हे संग्रहालय सुरू केलं, तेव्हा दालनांमध्ये समजावून सांगायला शाळकरी वयाची मुलंमुली उभी केली. प्रेक्षक कुठे थबकतो, कुठे मान हलवतो पण त्याला कळलेलं नसतं, कुठे स्वतः हात लावून बघतो, हे या मुलांना रोज समोर दिसायचं. कॅमेऱ्यासमोर बसलेल्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून व्हिडिओच करायचे असले, तरी आधी काही महिने विज्ञान केंद्रात, वाचनालयात, शाळेत किंवा आकाशदर्शनाच्या गटात स्वयंसेवक म्हणून काम करा.

एका विषयात पाय रोवा

पदवी लागते का? नोकरीच्या जाहिरातीत बहुधा मागतात, आणि विज्ञानातलं रीतसर शिक्षण असेल तर पुढचं बरंच सोपं जातं. नसेल तर वाट बंद होत नाही, लांबते. पुढे थोर शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरेडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानातला शिकाऊ मुलगा होता. १८१२ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं घेतली, ती आकृत्यांसह नीट लिहून काढली, बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. पुढच्या वर्षी त्याला तिथेच सहायकाची जागा मिळाली. त्याच सुमारास त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रांत व्याख्यान कसं असावं याचा विचार दिसतो: सभागृहातली हवा, उपकरणांची मांडणी, वक्त्याची उभं राहण्याची पद्धत, आणि एका तासाहून जास्त न बोलणं. स्वतः बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी तो दुसऱ्यांना बारकाईने बघत होता.

सगळ्या विज्ञानावर बोलायचा मोह पहिली दोन वर्षं आवरा. हवामान, लसी, खगोल, माती, जे तुम्हाला ओढतं त्यापैकी एक निवडा. त्या विषयातली पायाभूत पाठ्यपुस्तकं वाचा, त्यातले वाद कोणते आणि ते कोणामध्ये आहेत हे माहीत करून घ्या. एका विषयात खोल गेलं की दुसऱ्या विषयातलं आपलं अज्ञान कुठे सुरू होतं ते ओळखता येतं.

शोधनिबंध वाचायला शिका

प्रेस रिलीजवरून बातमी करणं सोपं, आणि बहुतेक चुका तिथूनच शिरतात. मूळ पेपर उघडा. सारांश वाचून लगेच 'पद्धत' या भागाकडे जा. प्रयोग कोणावर झाला, माणसांवर की उंदरांवर की पेशींवर? किती जणांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता का? फरक किती मोठा आहे? पैसा कोणी दिला? मर्यादांबद्दल लेखकांनी स्वतः काय म्हटलंय? मग आकृत्या बघा, आणि शेवटी निष्कर्ष. हा पेपर जर्नलमध्ये तपासणी होऊन आलाय की प्रीप्रिंट, म्हणजे अशी तपासणी होण्याआधीच खुला केलेला मसुदा आहे, हेही पाहा. प्रीप्रिंट वापरायला हरकत नाही, पण तसं वाचकाला सांगायलाच हवं.

टक्क्यांपाशी विशेष जपा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस 'गट १' मध्ये, म्हणजे माणसांना कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा अंदाज त्यांनी दिला. तंबाखूही गट १ मध्येच आहे, म्हणून 'मांस सिगारेटइतकंच घातक' असे मथळे झळकले. हा अर्थ चुकीचा होता. पुरावा किती भक्कम आहे, एवढंच हे गट सांगतात. धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. आणि १८ टक्के वाढ म्हणजे नक्की किती? समजा एरवी १०० पैकी ५ जणांना हा आजार होणार असेल, तर आता सुमारे ६ जणांना होईल. 'पाचाचे सहा' ऐकल्यावर माणूस स्वतःपुरता निर्णय घेऊ शकतो. नुसतं '१८ टक्के' ऐकून तो घाबरतो किंवा खांदे उडवतो. म्हणून धोक्याविषयी कुठलीही टक्केवारी लिहिताना 'कशाच्या तुलनेत, आणि १०० पैकी किती' हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खळबळजनक निकाल आला की घाई होते. २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा वेगाने, म्हणजे सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचं दिसलं. संशोधकांनी स्वतःच इतरांना 'तपासून बघा' म्हटलं होतं. पुढच्या वर्षी कळलं की एक फायबर-ऑप्टिक जोडणी नीट बसलेली नव्हती. ज्यांनी 'आइनस्टाइन चुकला' असं लिहिलं त्यांना माघार घ्यावी लागली. ज्यांनी 'इतका विलक्षण निकाल कसा तपासतात' यावर लिहिलं, त्यांचे लेख आजही वाचण्यासारखे आहेत.

समोरच्याचं चित्र बाहेर काढा

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. उदाहरण म्हणून ऋतूंचा प्रश्न घेऊ. 'उन्हाळ्यात गरम का होतं?' असं विचारा. लहानांपासून पदवीधरांपर्यंत बरेच जण म्हणतील, 'तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ असते.' या उत्तरावर हसू नका, ते विचार करून दिलेलं उत्तर आहे. शेकोटीजवळ गेलं की ऊब वाढते, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. त्यात बऱ्याच पुस्तकांमध्ये पृथ्वीची कक्षा तिरक्या कोनातून काढलेली असते, ती लांबट दिसते, आणि समजूत पक्की होते.

आता अशा माणसाला तुम्ही थेट 'पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे' असं सांगितलंत, तर काय होतं? तो ते जुन्या चित्रातच बसवतो: 'म्हणजे कललेला भाग सूर्याच्या जवळ जातो!' तुमचं वाक्य बरोबर होतं, त्याच्या मनातली समजूत मात्र जागची हलली नाही.

म्हणून आधी त्याच्या चित्राला त्याच्याच हाताने धक्का बसू द्या. विचारा, 'जानेवारीत ऑस्ट्रेलियात कोणता ऋतू असतो?' उन्हाळा, हे बहुतेकांना माहीत असतं. 'मग पृथ्वी एकाच वेळी ऑस्ट्रेलियासाठी जवळ आणि युरोपसाठी लांब कशी?' इथे थांबा. घाई करू नका, या शांततेतच काम होत असतं. मग सांगा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. आणि सर्वांत लांब जाते ती जुलैत, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धात तर तेव्हा उन्हाळा असतो. आता त्याला स्वतःलाच नवं कारण हवंसं वाटू लागतं. मग टॉर्च घ्या. कागदावर सरळ प्रकाश पाडा, लहान प्रखर वर्तुळ दिसेल. टॉर्च तेवढ्याच अंतरावर ठेवून तिरपी करा. तोच प्रकाश पसरून फिका पडतो. अंतर बदललेलं नाही, हे त्याच्याकडूनच वदवून घ्या. त्यात उन्हाळ्यातल्या मोठ्या दिवसांची भर घाला, आणि अक्षाच्या कलाचा मुद्दा आता कुठे आणा.

क्रम ध्यानात घ्या: प्रश्न, त्याचं उत्तर, त्या उत्तराला अडवणारी एक गोष्ट, आणि मग स्पष्टीकरण. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास दिसलं की त्यांचे विद्यार्थी सूत्रं वापरून अवघड गणितं सोडवतात, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या, शब्दांतल्या प्रश्नांवर अडखळतात. त्यांनी व्याख्यान मध्ये थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. कधी कधी शेजारी शिक्षकापेक्षा चांगलं समजावतो, कारण कुठे अडलं होतं ते त्याच्या अजून लक्षात असतं.

लेखात किंवा व्हिडिओत समोर कोणी नसतं, तिथे काय करायचं? लिहायला बसण्याआधी चार वेगवेगळ्या माणसांना तोच प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुमचा लेख त्या वाक्यांपासून सुरू करता येतो. लोकांच्या प्रश्नांची एक वही कायमची ठेवा. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, मुलं त्याला पत्रं लिहून मनातले प्रश्न विचारायची. त्या पत्रांमधून मुलांना खरोखर कशाचं कुतूहल आहे ते शिक्षकांपर्यंत पोहोचत होतं. विषय सुचत नाहीत अशी तक्रार ज्या संवादकाकडे अशी वही असते त्याने कधी केलेली मला आठवत नाही.

प्रयोग दाखवायचा तर

मोठे स्फोट आणि रंगीत धूर टाळ्या मिळवतात. शिकवण्यासाठी मात्र साधी मेणबत्ती पुष्कळ आहे. फॅरेडेने मुलांसाठीच्या नाताळ व्याख्यानांत मेणबत्तीवरच आख्खी मालिका केली होती. ही व्याख्यानं रॉयल इन्स्टिट्यूशनने १८२५ मध्ये सुरू केली, फॅरेडेने त्यांच्या १९ मालिका दिल्या.

एकच तुकडा बघा. मेणबत्ती नीट पेटू द्या. आता विचारा, 'जळतंय काय? वात की मेण?' उत्तरं घ्या, हात वर करायला लावा. मग मेणबत्ती विझवा. वातीतून पांढरा धुराचा दोरा वर चढतो. पेटती काडी वातीला न लावता, त्या धुरात दोन-तीन सेंटिमीटर वर धरा. ज्योत धुरावरून झेप घेऊन खाली वातीपर्यंत येते. आता परत विचारा, 'धूर कशाचा होता?' तो मेणाच्या वाफेचा आणि ती थंड होऊन तयार झालेल्या बारीक कणांचा असतो, आणि जळते ती ही वाफ. वात मेण वर ओढण्याचं काम करते.

यात तीन गोष्टी सांभाळा. हवा स्तब्ध हवी, पंखा बंद. काडी लगेच न्यायला हवी, धूर पातळ झाला की जमत नाही. आणि दाखवण्याआधी अंदाज विचारायलाच हवा. न विचारता दाखवलंत तर तो जादूचा खेळ होतो. आग, रसायनं, वीज यांचा कोणताही प्रयोग आधी स्वतः अनेकदा करून बघा, विझवण्याची सोय हाताशी ठेवा, आणि मुलांनी घरी हे एकट्याने करू नये असं स्पष्ट सांगा.

लिहिताना

एका लेखात एकच प्रश्न. पारिभाषिक शब्द टाळता येत नसेल तर आधी गोष्ट दाखवा, मग तिचं नाव सांगा. उपमा वापरली तर ती कुठे तुटते तेही सांगा. अणूला छोटी सूर्यमाला म्हणणं सोयीचं आहे, पण इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे ठरलेल्या कक्षेत फिरत नाहीत, हे त्याच परिच्छेदात यायला हवं. अनिश्चितता लपवू नका, पण 'शास्त्रज्ञांनाही माहीत नाही' असं मोघम लिहून सोडूही नका. काय पक्कं आहे आणि नेमकं कशाबद्दल एकमत नाही, हे वेगवेगळं मांडा. झालेला मजकूर मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

तज्ज्ञाकडे जाताना

संशोधकांना पत्र लिहायला घाबरू नका. नेमका प्रश्न विचारला तर बरेच जण आपुलकीने उत्तर देतात. त्यांचा पेपर वाचून जा, आणि 'तुमच्या संशोधनाबद्दल सांगा' असं विचारू नका. हे तीन प्रश्न उपयोगी पडतात: या कामाबद्दल लोकांचा सर्वाधिक गैरसमज काय होतो? तुमचा निष्कर्ष चुकीचा ठरायचा असेल तर काय दिसायला हवं? तुमच्याशी असहमत असलेलं पण ज्यांचा तुम्ही आदर करता असं कोण आहे? तिसऱ्या उत्तरातून तुम्हाला दुसरा तज्ज्ञ मिळतो, आणि तो लागतोच. ज्याचं संशोधन आहे त्याच्या एकट्याच्या शब्दावर लेख उभा करू नये.

तथ्यं तपासायला संबंधित परिच्छेद पाठवायला हरकत नसते, पण शब्दरचना आणि मांडणी तुमची, हे आधीच सांगा. संपूर्ण मजकूर दाखवण्याबद्दल प्रत्येक प्रकाशनाचे नियम वेगळे असतात, ते संपादकाला विचारा. चूक निघाली तर गुपचूप बदलू नका. काय बदललं आणि केव्हा, ते तिथेच लिहा.

भीती आणि राग असलेले विषय

लसी, अणुऊर्जा, जनुकीय बदल केलेली पिकं, हवामान बदल. इथे नवखा माणूस समजतो की लोकांकडे माहिती कमी आहे, ती दिली की विरोध मावळेल. रॉयल सोसायटीच्या १९८५ च्या बोडमर अहवालानंतर लोकांचं विज्ञानाचं आकलन वाढवण्याची मोठी मोहीम ब्रिटनमध्ये उभी राहिली, आणि त्यानंतरच्या अभ्यासकांनी याच गृहीतकावर बोट ठेवलं. माहिती वाढली की विश्वास आपोआप वाढतोच असं नाही.

१९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अवघ्या १२ मुलांवरच्या एका पेपरमुळे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एमएमआर लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध सापडला नाही, आणि २०१० मध्ये जर्नलने तो पेपर मागे घेतला. भीती मात्र बारा वर्षांत पुष्कळ पसरली होती आणि अजूनही भेटते. अशी भीती घेऊन आलेल्या आईशी बोलताना आधी तिला विचारा की नेमकी काळजी कशाची आहे. तिने कदाचित तो पेपर ऐकलेलाही नसेल. एका दिवशी इतक्या सुया का, एवढाच तिचा प्रश्न असेल. तुम्ही ऑटिझमचा विषय काढलात तर नसलेली शंका तिच्या मनात पेराल. गैरसमज खोडायचाच असेल तर खरी गोष्ट आधी सांगा, गैरसमज एकदाच आणि 'हे चुकीचं आहे' असं म्हणून सांगा, तो का पटतो ते उलगडा, आणि पुन्हा खऱ्या गोष्टीवर या.

समजलं का, हे तपासा

लाइक आणि टाळ्यांवरून काही कळत नाही. कार्यक्रमाच्या आधी एक प्रश्न विचारा, कार्यक्रमानंतर तोच प्रश्न प्रसंग बदलून पुन्हा विचारा. जमल्यास दोन आठवड्यांनी परत. ऋतूंबद्दल बोलला असाल तर नंतर विचारा, 'पृथ्वीचा अक्ष अजिबात कललेला नसता तर?' पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही.

काम मिळवणं आणि पैसे

फॅरेडेची बांधलेली टिपणं हा त्याच्या कामाचा नमुनाच होता. तुम्हीही सांगण्याआधी दाखवा. पाच-सहा चांगले नमुने पुरतात, पण ते वेगवेगळ्या प्रकारचे हवेत: एका पेपरवरचा लेख, एका प्रश्नाचं छोटं उत्तर, एक मुलाखत, एक प्रयोग किंवा सत्राचा आराखडा. संपादकाला लेखाची कल्पना पाठवताना दोन परिच्छेदांत सांगा: प्रश्न काय, नवीन काय, आत्ताच का, आणि कोणाशी बोलणार.

पगारी जागा संशोधन संस्था, विद्यापीठं, विज्ञान केंद्रं, प्रसारमाध्यमं आणि शैक्षणिक संस्थांमध्ये असतात. त्या मोजक्या आहेत. स्वतंत्रपणे काम करणारे बहुतेक जण शिकवणं, लिहिणं, संपादन आणि कार्यशाळा यांची सांगड घालतात. सुरुवातीला हातात दुसरं नियमित उत्पन्न ठेवणं शहाणपणाचं.

फुकट काम किती करायचं? शिकण्यासाठी, स्वतः ठरवून, मुदत घालून करा. ज्या संस्थेकडे मंडप, छपाई आणि पाहुण्यांसाठी पैसे आहेत तिने वक्त्यालाही मानधन द्यायला हवं, आणि ते मागण्यात काहीही गैर नाही. काम स्वीकारताना या गोष्टी लेखी घ्या: मानधन आणि ते कधी मिळणार, किती वेळा सुधारणा करून द्यायच्या, मजकुराचे हक्क कोणाकडे, रद्द झालं तर काय. कंपनीने प्रायोजित केलेलं काम असेल तर प्रायोजकाचं नाव प्रेक्षकाला दिसेल असं छापायचं, आणि वैज्ञानिक तथ्यांबाबत शेवटचा शब्द तुमचा, अशी दोन वाक्यं करारात घालायला सांगा. त्यांना ती मान्य नसतील तर ते काम घेऊ नका.